टीव्ही आणि एफएम केंद्रं आपले अँटेना नव्या गगनचुंबी इमारतीवर का हलवतात? न्यूयॉर्कचं उदाहरण घेऊन समजून घेऊया

शहरात एखादी नवी सर्वात उंच इमारत उभी राहिली की बातमी येते ती मजल्यांची, काचेची आणि वरून दिसणाऱ्या नजाऱ्याची. पण त्याच शहरातल्या टीव्ही आणि रेडिओ केंद्रांचे इंजिनिअर तेव्हा वेगळ्याच प्रश्नाचा विचार करत असतात: ही इमारत आपल्या सिग्नलच्या आड येणार का? आणि येणार असेल, तर आपला अँटेना तिच्याच डोक्यावर नेऊन बसवायचा का?

न्यूयॉर्कमध्ये हे गेल्या नव्वद वर्षांत पुन्हा पुन्हा घडलं आहे. एम्पायर स्टेट बिल्डिंग, मग वर्ल्ड ट्रेड सेंटर, मग परत एम्पायर स्टेट आणि २०१७ पासून वन वर्ल्ड ट्रेड सेंटर. या लेखात आपण बघू की अँटेनाला उंची कशाला लागते, केंद्रं जागा का बदलतात, हलवण्याचं काम कसं होतं आणि तुमच्या हातातल्या फोनचा या सगळ्याशी काय संबंध आहे.

## अँटेनाला एवढी उंची कशाला?

एफएम रेडिओ आणि टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. पृथ्वी मात्र गोल आहे. म्हणजे काही अंतरानंतर जमीनच खाली वळते आणि सिग्नल डोक्यावरून निघून जातो. अँटेना जितका उंच, तितका त्याचा 'क्षितिज' लांब.

याचा एक सोपा हिशोब आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये मिळतं. हवेमुळे रेडिओ लहरी किंचित खाली वाकतात, तेही या आकड्यात धरलेलं आहे.

- ३० मीटरचा मोबाईल टॉवर: सुमारे २३ किमी
- ४४३ मीटर, म्हणजे एम्पायर स्टेटच्या मास्टचं टोक: सुमारे ८७ किमी
- ५४१ मीटर, म्हणजे वन वर्ल्ड ट्रेड सेंटरचं टोक: सुमारे ९६ किमी

आता शेवटचे दोन आकडे पुन्हा बघा. उंची जवळजवळ १०० मीटरने वाढली, पण पल्ला वाढला फक्त ९ किलोमीटर. वर्गमूळ असल्यामुळे असं होतं. मग एवढा खर्च करून केंद्रं नव्या इमारतीवर का जातात?

कारण खरा प्रश्न पल्ल्याचा नाही, सावलीचा आहे. तुमच्यापेक्षा उंच इमारत शेजारी उभी राहिली की तिच्यामागच्या वस्तीवर सिग्नलची सावली पडते. शिवाय स्टील आणि काचेवर लहरी आपटून परत फिरतात. मग घरातल्या अँटेनाला एकच सिग्नल दोनदा मिळतो, एकदा थेट आणि एकदा जरा उशिरा. जुन्या ॲनालॉग टीव्हीवर यामुळे माणसाच्या बाजूला त्याचीच फिकट दुसरी आकृती दिसायची. याला इंग्रजीत घोस्टिंग म्हणत. डिजिटल टीव्हीवर भूत दिसत नाही. तिथे चित्र एकतर नीट येतं, नाहीतर तुकडे तुकडे होऊन गायबच होतं.

## मग मोबाईलचे टॉवर बुटके का असतात?

चांगला प्रश्न आहे. टीव्ही आणि एफएम म्हणजे एकाने बोलायचं आणि लाखोंनी ऐकायचं. तिथे एकच उंच अँटेना पुरतो. ऐकणारे दहा असोत की दहा लाख, ट्रान्समीटरवरचा भार तेवढाच राहतो.

मोबाईलमध्ये प्रत्येकाचं बोलणं वेगळं. त्यासाठी तीच फ्रिक्वेन्सी शहरात शेकडो ठिकाणी पुन्हा पुन्हा वापरावी लागते. एका टॉवरचा आवाज फार लांब गेला तर तो दुसऱ्या टॉवरच्या हद्दीत गोंधळ घालेल. म्हणून मोबाईलचे अँटेना मुद्दाम कमी उंचीवर आणि थोडे खाली झुकवून बसवतात. एक गावाच्या चावडीवरचा लाऊडस्पीकर, दुसरं कानात केलेली कुजबुज.

## पहिला मुक्काम: एम्पायर स्टेट बिल्डिंग

ही इमारत १९३१ मध्ये उघडली आणि त्याच सुमारास तिच्यावरून टीव्हीचे प्रयोग सुरू झाले. एफएम रेडिओचा जनक एडविन आर्मस्ट्राँग यानेही १९३० च्या दशकात आपले सुरुवातीचे प्रयोग इथूनच केले. पुढे १९५० च्या सुमारास छतावर खास टीव्हीसाठी सुमारे ६८ मीटरचा मास्ट चढवला गेला आणि शहरातली केंद्रं एकेक करत तिथे जमली.

१९६५ मध्ये १०२ व्या मजल्याभोवती एफएमसाठी एक सामायिक अँटेना बसवला. याला मास्टर अँटेना म्हणतात. अनेक केंद्रांचे ट्रान्समीटर 'कंबायनर' नावाच्या यंत्राला जोडलेले असतात. त्यातले फिल्टर प्रत्येक केंद्राची फ्रिक्वेन्सी वेगळी ठेवतात आणि सगळ्यांना मिळून एकच अँटेना वापरता येतो. एकाच वायफाय राउटरवर घरातले सगळे फोन चालावेत, तसाच हा जागा वाचवण्याचा मार्ग.

## दुसरा मुक्काम: वर्ल्ड ट्रेड सेंटर

१९६० च्या दशकात मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे उभे राहायला लागले. ते एम्पायर स्टेटपेक्षा उंच होणार होते आणि त्यांच्यामुळे टीव्हीचं चित्र बिघडेल ही भीती लगेच व्यक्त झाली. तोडगा निघाला तो असा की केंद्रांनीच नव्या इमारतीवर यायचं. उत्तर मनोऱ्यावर १९७० च्या दशकाच्या अखेरीस ११० मीटरचा मास्ट बसला आणि पुढच्या काळात शहरातली जवळपास सगळी मोठी टीव्ही केंद्रं तिथून प्रक्षेपण करू लागली. सोबत चार एफएम केंद्रंही होती.

तांत्रिकदृष्ट्या हा निर्णय बरोबरच होता. सर्वात उंच जागा, सगळी केंद्रं एकत्र आणि प्रेक्षकालाही सोय. घरावरचा अँटेना एकाच दिशेला वळवला की सगळे चॅनेल मिळत. पण सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही या मांडणीत एक गोष्ट खटकेल. सगळी भिस्त एकाच जागेवर.

## ११ सप्टेंबर २००१

सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी पहिलं विमान उत्तर मनोऱ्याच्या ९३ ते ९९ या मजल्यांवर आदळलं. टीव्ही केंद्रांच्या ट्रान्समीटर खोल्या त्याच्याही वर होत्या. खाली येणारे सगळे जिने तुटले होते. १० वाजून २८ मिनिटांनी मनोरा कोसळला. तिथे कामावर असलेले प्रसारण क्षेत्रातले ६ इंजिनिअर त्यात मृत्युमुखी पडले.

शहराच्या इतिहासातल्या सर्वात वाईट सकाळी, जेव्हा लोकांना बातम्यांची सर्वाधिक गरज होती, तेव्हा हवेतून टीव्ही बघणाऱ्यांच्या पडद्यावरून बहुतेक मोठे चॅनेल गेले. अपवाद होता सीबीएसच्या न्यूयॉर्क केंद्राचा. त्यांनी जुन्या एम्पायर स्टेटवरचा पर्यायी ट्रान्समीटर मोडीत न काढता चालू स्थितीत ठेवला होता. त्यामुळे त्यांचं प्रक्षेपण सुरू राहिलं. डब्ल्यूएनवायसी या सार्वजनिक रेडिओचंही असंच झालं. त्यांचा एफएम ट्रान्समीटर मनोऱ्यासोबत गेला, पण एएमचा ट्रान्समीटर शहराबाहेर वेगळ्या जागी असल्यामुळे ते बोलत राहू शकले.

दोन्हीकडे कामाला आली ती एकच गोष्ट: दुसऱ्या जागेवरची, चालू असलेली सोय. त्याच इमारतीत ठेवलेला जादाचा ट्रान्समीटर त्या दिवशी निरुपयोगी ठरला असता.

## मधली सोळा वर्षं

ज्यांच्याकडे पर्याय नव्हता त्यांनी धावपळ करून जागा शोधल्या. अनेकांना आधार मिळाला तो हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या अल्पाइन या गावातल्या मनोऱ्याचा. हा मनोरा १९३० च्या दशकात एडविन आर्मस्ट्राँगनेच एफएमसाठी उभारला होता. साठ वर्षांहून जुना लोखंडी सांगाडा अचानक अमेरिकेच्या सर्वात मोठ्या शहराची टीव्ही यंत्रणा पेलायला लागला. पण तो शहराच्या उत्तरेला आहे. दक्षिणेकडच्या वस्त्यांपर्यंत पोहोचताना मध्ये मॅनहॅटनच्या इमारतींचं जंगल येतं.

मग बहुतेक केंद्रं पुन्हा एम्पायर स्टेटवर परतली. तिथे आधीच एफएमची गर्दी होती, त्यात हे पाहुणे आले. २००३ मध्ये '४ टाइम्स स्क्वेअर' या इमारतीवरही नवा मास्ट बसवून पर्यायी अँटेनांची सोय केली गेली. आधीच्या अनुभवातून शहर शिकलं होतं.

## तिसरा मुक्काम: वन वर्ल्ड ट्रेड सेंटर

जुन्या मनोऱ्यांच्या परिसरात उभी राहिलेली ही इमारत नोव्हेंबर २०१४ मध्ये उघडली. छताची उंची ४१७ मीटर, म्हणजे जुन्या उत्तर मनोऱ्याएवढीच. त्यावर सुमारे १२४ मीटरचा स्पायर, म्हणजे निमुळता कळस. एकूण ५४१ मीटर. फुटांत हाच आकडा १७७६ होतो आणि ते अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं वर्ष आहे.

इथे एक गमतीदार वाद झाला. इमारतीची अधिकृत उंची मोजताना कळस धरतात, पण अँटेना धरत नाहीत. का? कारण अँटेना हे नंतर बदलता येणारं यंत्र आहे, इमारतीचा भाग नाही. कळसाभोवतीचं नियोजित आवरण २०१२ मध्ये रद्द झाल्यावर प्रश्न आला की उरलेल्या सांगाड्याला कळस म्हणायचं की नुसता अँटेनाचा खांब? उंच इमारतींची मोजदाद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने नोव्हेंबर २०१३ मध्ये तो कळसच आहे असं ठरवलं आणि ५४१ मीटर हा आकडा कायम राहिला.

२०१७ पासून एनबीसी, सीबीएस आणि सार्वजनिक वाहिनी डब्ल्यूनेट यांच्यासारखी केंद्रं या कळसावरून प्रक्षेपण करू लागली. इमारत उघडून तेव्हा जवळपास अडीच वर्षं झाली होती. एवढा उशीर का? उत्तर तुमच्या फोनमध्ये आहे.

## फोनचा काय संबंध?

अमेरिकेत प्रसारणाची परवानगी देणाऱ्या एफसीसी या संस्थेने २०१६-१७ मध्ये एक वेगळा लिलाव केला. टीव्ही केंद्रांकडून ६०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या फ्रिक्वेन्सी परत घेतल्या आणि मोबाईल कंपन्यांना विकल्या. एकूण ८४ मेगाहर्ट्झ मोकळे झाले. लिलावाची रक्कम जवळपास १९.८ अब्ज डॉलर होती आणि सर्वात मोठी खरेदी टी-मोबाईलने केली. पुढे त्याच पट्ट्यावर त्यांनी डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकाभर ५जी सुरू केलं.

यामुळे देशातल्या ९८७ टीव्ही केंद्रांना नवी फ्रिक्वेन्सी घ्यावी लागली. फ्रिक्वेन्सी बदलली की अँटेना आणि ट्रान्समीटरही बहुतेक वेळा बदलावे लागतात. मग न्यूयॉर्कच्या केंद्रांनी साधा विचार केला: नवं सामान घ्यायचंच आहे, तर ते नव्या जागीच का बसवू नये? एनबीसीच्या न्यूयॉर्क केंद्राने तर आपली फ्रिक्वेन्सी विकून टाकली आणि आपल्याच समूहातल्या टेलिमुंडो केंद्रासोबत एक चॅनेल वाटून घेतला.

आपल्याकडेही याचे धागे दिसतात. जिओचं ५जी ज्या ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्याचा वापर करतं, तो पट्टा अमेरिकेत जून २००९ पर्यंत टीव्हीकडेच होता. ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात २०२२ च्या लिलावात ठेवला होता, पण त्याला बोली आली नाही. या कमी फ्रिक्वेन्सी भिंतींमधून चांगल्या आत शिरतात आणि लांब जातात. म्हणूनच आधी टीव्हीने त्या घेतल्या आणि आता मोबाईलला त्या हव्या आहेत.

## अँटेना हलवण्याचं काम कसं होतं?

साधारण क्रम असा असतो.

1. परवानगी: केंद्र आपल्या मनाने जागा बदलू शकत नाही. नव्या जागेवरून सिग्नल कुठे पोहोचेल आणि शेजारच्या शहरातल्या केंद्राला त्रास होईल का, याचा हिशोब एफसीसीला द्यावा लागतो.
2. शक्ती ठरवणं: उंची ठराविक मर्यादेपलीकडे गेली की शक्ती कमी करावी लागते. म्हणूनच एम्पायर स्टेटवरची अनेक एफएम केंद्रं फक्त ६ किलोवॅटच्या आसपास चालतात आणि तरी सगळ्या महानगरात ऐकू येतात.
3. सामान चढवणं: अँटेनाचे भाग, जाड केबल, कंबायनर, थंड करणारी यंत्रणा आणि वीज गेली तर लागणारे जनरेटर असं सगळं न्यावं लागतं.
4. मास्टवरचं काम: शेजारचा अँटेना चालू असताना त्याच्याजवळ माणूस सुरक्षित राहू शकत नाही, कारण तीव्र रेडिओ लहरींनी शरीराच्या आतल्या पेशी तापतात. त्यामुळे इतर केंद्रांना शक्ती कमी करावी लागते किंवा पर्यायी जागेवर जावं लागतं. असं काम बऱ्याचदा रात्री उरकतात, तेव्हा बघणारे-ऐकणारे कमी असतात.
5. चाचणी आणि बदल: नवं चालू करून मोजमाप होतं, मगच जुनं बंद होतं.

सर्व्हर एका डेटा सेंटरमधून दुसरीकडे हलवण्याची पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांना हे ओळखीचं वाटेल.

## प्रेक्षकाला काय करावं लागतं?

केबलवाल्यांना काहीच नाही. हवेतून टीव्ही बघणाऱ्यांना मात्र फ्रिक्वेन्सी बदलल्यावर टीव्हीवर चॅनेल पुन्हा शोधावे लागतात. गंमत म्हणजे चॅनेलचा क्रमांक बदलत नाही. एनबीसी पडद्यावर अजूनही ४ क्रमांकावरच दिसतं, जरी खरी फ्रिक्वेन्सी दुसरीच असली तरी. सिग्नलसोबत एक छोटी माहिती येते, तिच्यावरून टीव्ही ठरवतो की याला ४ म्हणायचं. इंटरनेटवर वेबसाईटचं नाव तेच राहतं आणि मागचा आयपी पत्ता बदलतो, तसंच हे.

## दुसऱ्या शहरांत काय केलं?

टोरंटोमध्ये १९६० आणि ७० च्या दशकांत उंच इमारती वाढल्या आणि टीव्हीचं चित्र बिघडायला लागलं. त्यांनी १९७६ मध्ये ५५३ मीटरचा सीएन टॉवर उघडला. टोकियोत ३३३ मीटरचा टोकियो टॉवर आजूबाजूच्या इमारतींमुळे अपुरा पडू लागला. तिथली टीव्ही केंद्रं मे २०१३ मध्ये ६३४ मीटरच्या स्काय ट्रीवर गेली.

महाराष्ट्रात निसर्गाने थोडी मदत केली आहे. मुंबईला वरळीचा दूरदर्शनचा टॉवर लागला, कारण शहर समुद्रसपाटीला आहे. पुणेकरांसाठी मात्र दूरदर्शनचा टॉवर सिंहगडावर आहे. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर आणि पुणे शहर साधारण ५६० मीटर. म्हणजे वन वर्ल्ड ट्रेड सेंटरपेक्षा जास्त उंची पुण्याला सह्याद्रीने फुकटात दिली!

## नेहमी पडणारे प्रश्न

सगळ्यांचे अँटेना एकाच मनोऱ्यावर, असं भारतात असतं का?
हो. शहरातल्या खासगी एफएम केंद्रांनी सामायिक मनोरा आणि सामायिक अँटेना वापरायचा, अशी व्यवस्था आपल्याकडेही आहे. त्यामुळे खर्च वाचतो, पण न्यूयॉर्कने शिकवलेला प्रश्न इथेही लागू होतो: ती एक जागा बंद पडली तर?

इंटरनेट असताना या सगळ्याची गरज काय?
पुरात किंवा भूकंपात मोबाईलचे टॉवर वीज गेल्यावर काही तासांत बंद पडू शकतात, आणि चालू असले तरी गर्दीने गुदमरतात. एफएमच्या एका ट्रान्समीटरला गर्दीचा त्रास होत नाही. म्हणूनच केंद्र सरकारने २०२३ मध्ये मोबाईल कंपन्यांना फोनमधला एफएम रेडिओ बंद न ठेवण्याचा सल्ला दिला.

फोनमध्ये एफएमसाठी इयरफोन का लावावा लागतो?
एफएमच्या लहरीची लांबी सुमारे ३ मीटर असते. तिच्यासाठी लागणारा अँटेना फोनच्या आत मावत नाही, म्हणून इयरफोनची वायरच अँटेना म्हणून वापरतात. ब्लूटूथ इयरबडने हे काम होत नाही.

आता न्यूयॉर्कची सगळी केंद्रं वन वर्ल्ड ट्रेड सेंटरवर आहेत का?
नाही. एबीसीचं केंद्र आणि बरीच एफएम केंद्रं एम्पायर स्टेटवरच आहेत. दोन्ही इमारतींमध्ये पाचेक किलोमीटरचं अंतर आहे.

## लक्षात काय ठेवायचं?

शहर वाढत जाणार आणि अँटेना त्याच्या मागे वर वर सरकत राहणार. मॅनहॅटनमध्येच आता ४७२ मीटरचा सेंट्रल पार्क टॉवर उभा आहे, म्हणजे एम्पायर स्टेटच्या मास्टच्या टोकाहूनही उंच. उंच जागा सिग्नल लांब नेते, पण तो संकटात टिकवते ती दुसरी, वेगळी जागा. २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हे सहा इंजिनिअरांच्या जिवावर कळलं. आज शहराचं प्रसारण एकाहून जास्त इमारतींवर विभागलेलं आहे, आणि यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट बहुधा हीच.

तुमच्या फोनमध्ये एफएम असेल, तर आज एकदा वायरवाला इयरफोन लावून ते चालतं का बघून ठेवा. गरज पडेल तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो.